उचलून पाहा, मग घ्या

दुकानात बाबागाडी घ्यायला आलेलं कुटुंब काय करतं, हे बाजूला उभं राहून बघण्यासारखं असतं. आई दांडी धरून गाडी पुढे-मागे ढकलते. बाबा छत उघडून पाहतात, खालच्या टोपलीत किती सामान मावेल याचा अंदाज घेतात. आजी कापड चाचपते आणि रंग मळखाऊ आहे ना, ते विचारते. गुळगुळीत फरशीवर गाडी सरसर धावते, बाळ खूश होतं आणि व्यवहार ठरतो. गाडी मिटून, खांद्याला अडकवून दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून पाहणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसतं. प्रवासासाठी आणि रोजच्या बारीकसारीक कामांसाठी घ्यायच्या हलक्या गाडीची खरी परीक्षा मात्र तिथेच असते. आपल्या शहरांत ही गाडी जितकी ढकलावी लागते, जवळजवळ तितकीच उचलावीही लागते.

उचलायचं म्हणजे किती, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याप्रमाणे एक वर्षाच्या मुलाचं मध्यम वजन 9.6 किलो आणि मुलीचं 8.9 किलो असतं. दोन वर्षांचं होईपर्यंत ते अनुक्रमे 12.2 आणि 11.5 किलोवर जातं. मिटणारी साधी हलकी गाडी चार ते सात किलोंची. सगळ्या सोयींची मोठी गाडी दहा-बारा किलोंची आणि त्याहूनही जड. त्यात लंगोट, दुधाची बाटली, पाणी, कपड्यांचा जोड असलेली पिशवी. परतीच्या वाटेवर भाजीही असतेच. म्हणजे हलकी गाडी घेतली तरी जिन्यावर आईच्या अंगावर सतरा-अठरा किलोंचा भार येतो. मोठी गाडी असेल तर हाच आकडा पंचविशीच्या घरात जातो.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आईचं जिना उतरणं पाहिलं, तेव्हा या आकड्यांचा अर्थ नीट कळला. इमारतीला लिफ्ट नाही. मूल डाव्या कडेवर, मिटलेली गाडी पट्ट्याने उजव्या खांद्यावर, पर्स गळ्यात आडवी. उजवा हात कठड्यासाठी मोकळा ठेवायचा, हा तिचा नियम. पायरी दिसावी म्हणून ती किंचित तिरकी होऊन उतरते आणि प्रत्येक वळणावर गाडीचं टोक भिंतीला लागू नये म्हणून कोपराने ती मागे सारते. खाली पोचल्यावर बाळाला कडेवरून न उतरवता ती पट्टा खांद्यावरून सोडते, कडी काढते, गाडीला एक झटका देते आणि मागची आडवी पट्टी पायाने दाबते. खट्ट असा आवाज आला की गाडी पक्की उभी राहिली. बाळाला बसवून पट्टे लावायचे आणि निघायचं. बारशाला भेट आलेली ऐसपैस गाडी आता तळमजल्यावर जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी धूळ खात उभी आहे. ती गाडी वाईट नाही. ती लिफ्ट असलेल्या घरासाठी आणि सलग फुटपाथ असलेल्या गावासाठी बनलेली आहे, एवढंच.

विमानाच्या चाकांवरून सुचलेली घडी

बाबागाडीचा जन्मच मुळी उचलण्याचा विचार न करता झाला. इंग्लंडमध्ये 1733 च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी केली. ती जनावराला जुंपायची होती. पुढे माणसांनी ढकलायच्या गाड्या आल्या. 1889 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी बाळाचं तोंड आईकडे किंवा रस्त्याकडे फिरवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं. तरीही गाडी जडच राहिली. ज्यांच्या घरी ती ठेवायला जागा आणि ढकलायला दाई होती, त्यांच्यासाठी तिच्या वजनाचा प्रश्न फारसा नव्हताच.

हा प्रश्न सुटला तो विमानं बनवणाऱ्या माणसाकडून. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंता. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या खालच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. उड्डाणानंतर दुमडून आत जाणारी आणि उतरताना पुन्हा पक्की उभी राहणारी चाकं म्हणजे काय, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. साठच्या दशकात त्यांची मुलगी परदेशातून लहान मूल आणि जड बाबागाडी घेऊन आली. विमानप्रवासात त्या गाडीने होणारे हाल पाहून निवृत्त आजोबांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि 1967 मध्ये बी-01 नावाने ती विक्रीला आली. वजन सुमारे पावणेतीन किलो. बसायला दोन दांड्यांमध्ये ताणलेली पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची झोळी. छत नाही, टोपली नाही, पाठ मागे करायची सोय नाही.

या गाडीने घरातल्या कामांची वाटणीही थोडी बदलली. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन कोणाच्या मदतीशिवाय बसमध्ये चढणं आईला सोपं झालं. आज बाजारात मिळणाऱ्या सगळ्या अंब्रेला स्ट्रोलरचा सांगाडा मुळात मॅक्लारेनांचाच आहे. दोन्ही बाजूंना लांब नळ्या, मागे आणि खाली फुलीसारखे एकमेकांना छेदणारे आडवे दांडे, मधोमध बिजागरी. कडी सुटली की फुली आवळते, चारही चाकं एकत्र येतात, कापड मधोमध दुमडतं आणि सुमारे मीटरभर लांबीचा एक जुडगा हातात येतो.

पण जिथे फुली आवळते तिथेच बोट सापडतं, आणि हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या जवळजवळ दहा लाख गाड्यांबाबत ग्राहकांना सावध करण्यात आलं आणि बिजागरीवर बसवायची आवरणं मोफत देण्यात आली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या. त्यामुळे गाडी घेताना बिजागरी झाकलेली आहे ना, ते पाहायचं, आणि घरातल्या प्रत्येकाने एक शिस्त पाळायची: गाडी उघडताना किंवा मिटताना मूल हातभर लांब किंवा कडेवर, मधल्या अंतरात कधीच नाही. आईला बिलगून उभं असलेलं दीड वर्षाचं मूल पहिला हात घालतं तो नेमका त्या हलणाऱ्या दांड्यांमध्ये.

बाळ किती महिन्यांचं?

हलक्या गाडीची सगळ्यात मोठी मर्यादा वयाची. मान पक्की धरून नीट बसता येत नाही तोवर, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, झोळीसारखी सीट असलेली गाडी बाळासाठी नाही. झोळीत बाळ खाली घसरतं, पाठीचा कणा वाकतो, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबण्याचा धोका असतो. युरोपातल्या ईएन 1888 या मानकानुसार सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सीट आणि पाठ यांमधला कोन किमान 150 अंशांचा, म्हणजे जवळजवळ आडवा हवा. एवढी आडवी होणारी हलकी गाडी मिळते, पण ती दीड-दोन किलोंनी जड आणि बरीच महाग असते. नुकतंच बाळंतपण झालेल्या घराने म्हणूनच घाई करू नये. पहिले सहा महिने कापडी कॅरियर आणि घरच्यांचे हात पुरतात.

पट्टे पाच बिंदूंचे हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. फक्त कमरेच्या पट्ट्यावर विसंबलं तर गाडी पुढे कलताच मूल त्यातून निसटतं. बकल मोठ्या माणसाला सहज उघडावं, पण मुलाला उघडता येऊ नये. ब्रेक पायाने दाबता आणि सोडता येईल असा हवा. आपल्याकडे चपला घालून वावरतात, त्यामुळे वर उचलून सोडायचा ब्रेक अंगठ्याला दुखतो. तो दुकानातच चपलेनिशी वापरून पाहावा.

आणखी दोन गोष्टी. दांड्यांना भाजीची पिशवी अडकवायची सवय आपल्याला फार आहे. हलक्या गाडीत बाळाचं वजन हेच समोरचं पारडं असतं. बाळाला उचललं की मागच्या पिशवीने गाडी उलटी पडते, आणि बाळ आतच असताना तोल गेला तर त्याचं डोकं जमिनीवर आपटतं. सामान टोपलीत ठेवा, नाहीतर पाठीवरच्या पिशवीत. दुसरी गोष्ट उन्हाची. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा पंचा टाकला की आतली हवा खेळत नाही आणि उकाडा बघता बघता वाढतो. पुढेपर्यंत येणारं छत आणि जाळीदार पाठ यांसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी ते योग्य ठिकाणी जातात.

चाकं आणि आपले रस्ते

वजन कमी करायचं तर चाकं लहान होतात, आणि लहान चाकाला प्रत्येक खाच खोल वाटते. गटाराच्या जाळीच्या फटी, दोन पेव्हर ब्लॉकमधली उचललेली कड, सिमेंटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं तिथला उंचवटा. मोठ्या गाडीला या गोष्टी जाणवतही नाहीत. हलक्या गाडीचं पुढचं चाक तिथे आडवं होऊन अडतं आणि ढकलणारा पोटावर दांडी आदळून थांबतो. यावर दोन उपाय आहेत. पुढची चाकं हवी तेव्हा सरळ अडकवून ठेवायची कळ असावी, म्हणजे खडबडीत रस्त्यावर ती गरगर फिरत नाहीत. आणि कड आली की मागे जरा दाबून पुढची चाकं उचलायची. त्यासाठी सांगाडा कडक हवा. दुकानात पुढची चाकं अधांतरी धरून दांडी डावी-उजवीकडे पिळून पाहावी. सांगाडा लपलपला तर ती गाडी सोडून द्यावी, मग ती कितीही हलकी असो.

पावसाळ्याचाही विचार हवा. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण बिजागरीतले खिळे आणि चाकांचे आस बहुधा पोलादी असतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा समुद्रावर नेऊन आणल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवावीत, सुकवावीत. वाळूत अशी गाडी ढकलायला जाऊच नये, तिथे मूल कडेवरच बरं. चाक करकरू लागलं तर गाडी टाकून देण्याची गरज नसते. पुण्यातल्या पेठांमधले जुने सायकल दुरुस्तीवाले आस काढून, साफ करून, वंगण लावून देतात. नात्यातल्या नात्यात फिरणारी जुनी गाडी घेताना मात्र बिजागरी, कडी आणि पट्ट्यांची शिवण उजेडात तपासायची. कापड फाटलं तर शिवता येतं, झिजलेल्या कडीवर विश्वास ठेवता येत नाही.

डिकी, रिक्षा, रेल्वे, विमान

मिटण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपला प्रवास कसा, त्यावर तऱ्हा ठरते. छत्रीची घडी लांब आणि बारीक. दुसरी घडी चौकोनी, पेटीसारखी. फ्रान्सच्या बेबीझेन कंपनीने आणलेली योयो 52 बाय 44 बाय 18 सेंटिमीटरमध्ये मिटते. गुड बेबी कंपनीची पॉकिट तर 30 बाय 18 बाय 35 सेंटिमीटरमध्ये बसते, आणि 2014 मध्ये सगळ्यात लहान घडीसाठी तिची गिनेसमध्ये नोंद झाली. मात्र ती घडी घालायला पायऱ्या जास्त, आणि चाकं आणखी लहान.

महाराष्ट्रातल्या असंख्य मोटारींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. टाकीसमोर उरलेल्या फटीत लांब-बारीक घडी आडवी सरकते, पेटी बसत नाही. रिक्षात लांब घडी गुडघ्यांमध्ये उभी धरता येते किंवा सीटमागच्या जागेत आडवी टाकता येते. रेल्वेत खालच्या बर्थखाली ती बॅगांच्या मागे सरकते. डब्यातल्या बोळातून उघडी गाडी नेण्याचा प्रयत्न करू नये, फलाटावरच मिटावी. लोकलचं तर वेगळं सांगायला नको: लोकल फलाटाला लागल्यावर बाबागाडी मिटायला घेतली तर उशीर झालेला असतो. इंडिकेटरवर नाव लागलं की मूल कडेवर आणि बाबागाडी खांद्यावर हवी. म्हणून लोकलने जाणाऱ्यासाठी खांद्याचा पट्टा ही चैन नाही, गरज आहे. मेट्रोत चित्र वेगळं आहे. पुण्यात 2022 पासून आणि मुंबईच्या नव्या मार्गांवर स्थानकांना लिफ्ट आहेत, डब्याचा दरवाजा फलाटाच्या पातळीत येतो आणि गाडी न मिटता आत जाता येतं. स्थानकातून बाहेर पडून रस्त्याला लागलं की उचलणं पुन्हा सुरू होतं.

विमानात पेटीच्या घडीचा फायदा मिळू शकतो, कारण ती डोक्यावरच्या कप्प्यात बसण्याइतकी लहान असते. तरी शेवटचा शब्द विमान कंपनीचा, त्यामुळे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. लांब घडीची गाडी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथून खाली सामानात टाकतात. सुरक्षा तपासणीत मुलाला काढून, गाडी मिटून पट्ट्यावर ठेवावी लागते. तेव्हा एका हाताने मिटणारी गाडी किती मोलाची, ते मागे रांग लागलेली असताना समजतं. उतरल्यावर गाडी दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे चढतानाच विचारावं. पट्ट्यावर मिळणार असेल तर मधलं सगळं अंतर झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चालायचं असतं. सामानात आपटून चाकं निखळू नयेत म्हणून गाडीला एक जाडसर पिशवी शिवून घ्यावी.

हा प्रवास बरेचदा आजी-आजोबा करतात. लंडन, न्यू जर्सी किंवा सिडनीला मुलीच्या-सुनेच्या मदतीला गेलेली पिढी तिथे दुपारी नातवंडाला फिरवून आणते. त्यांच्यासाठी निकष बदलतो. वाकून कडी सोडावी लागणारी गाडी कमरेला त्रास देते. दांडी बुटकी असेल तर उंच आजोबांची पाठ वाकते आणि चालताना पाय मागच्या चाकांना लागतात. गाडी मुलगा-सून निवडतात आणि ढकलतात दुसरेच, असं होत असेल तर ढकलणाऱ्याला दुकानात सोबत न्यावं.

बसमधली एक जागा

गाडी मिटते की नाही, हा प्रश्न इंग्लंडमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2012 मध्ये डग पॉली हे चाकाच्या खुर्चीवरून वावरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये चढू पाहत होते. खुर्चीसाठी राखलेल्या जागेत एका आईने झोपलेल्या बाळासह गाडी उभी केली होती. चालकाने विनंती केली. आपली गाडी मिटत नाही असं सांगून तिने जागा सोडली नाही आणि पॉलींना ती बस सोडावी लागली. त्यांनी फर्स्टग्रुप या बस कंपनीवर दावा लावला. जानेवारी 2017 मध्ये निकाल लागला: चालकाने नुसती विनंती करून थांबू नये, जागा सोडवण्यासाठी आणखी प्रयत्न केले पाहिजेत. सक्तीने उतरवलंच पाहिजे, असं मात्र न्यायालयाने म्हटलं नाही. जपानमध्ये उलट बाजूने विचार झाला. मार्च 2014 मध्ये तिथल्या सरकारने बाबागाडीचं खास चिन्ह आणलं आणि रेल्वेत, बसमध्ये गाडी न मिटता नेता यावी असं मार्गदर्शन केलं.

दोन्ही देशांच्या अनुभवातून एकच गोष्ट पुढे येते. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची यांना लागणारी वाट एकच आहे. जागा अपुरी पडली की या दोन गरजवंतांनाच एकमेकांसमोर उभं केलं जातं.

गाडी हलकी झाली, पुढे काय?

दुकानात जाण्याआधी घरापासून बाजारापर्यंतचा, स्टेशनपर्यंतचा, दवाखान्यापर्यंतचा रस्ता एकदा याच नजरेने चालून पाहा. किती पायऱ्या, किती कडा, कुठे लिफ्ट, गाडी घरात कुठे ठेवणार. मग दुकानात गाडीत बाळाला बसवा, पट्टे लावा, सोडवा, आणि बाळ कडेवर असताना उरलेल्या एका हाताने गाडी मिटा, खांद्याला लावा, दुकानाच्या पायऱ्या उतरा आणि पुन्हा उघडा. हे विनासायास जमलं तर गाडी तुमची. वजनाची मर्यादा वाचा: पंधरा किलोंची असेल तर ती साडेतीन वर्षांच्या आसपास संपते. रंग आणि खिसे सगळ्यात शेवटी.

एवढं करून घेतलेली गाडी उत्तम चालेल. पण पाच किलो की सात किलो, यावर आपण एवढा खल करतो, कारण रस्ता आपल्याला ती उचलायला लावतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत फुटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा असावा आणि त्याची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कड गुडघ्याला लागते, मधे रोहित्राची पेटी असते, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. सुमारे अर्धा मीटर रुंदीची बाबागाडी त्या खांबांमधून कशीबशी जाते, चाकाची खुर्ची अडकते. मुंबईतल्या अशा खांबांची उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली, तीही एका अपंग नागरिकाने लिहून कळवलं म्हणून.

अशा तक्रारी करण्याचं काम एकट्या अपंगांवर सोडून देणं योग्य नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे आणि त्यांचा आवाज वॉर्ड ऑफिसात कधी पोचलेला नाही, कारण दोन वर्षांत मूल चालू लागतं आणि तक्रार विरून जाते. गाडी घेतली त्याच आठवड्यात घराजवळच्या चौकात उतार नाही, कड उंच आहे, खांब अडवतो, असा छायाचित्रासह अर्ज द्यावा. सोसायटीतल्या काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांची आणि वॉकर घेतलेल्या आजींची सहीही त्यावर घ्यावी. बाळाला गाडी दोन-तीन वर्षं लागेल. फुटपाथ त्याला जन्मभर लागणार आहे, आणि तोवर म्हाताऱ्या झालेल्या त्याच्या आई-बापांना तर जास्तच.